जुन्या संगणकाचा पहिला पडदा

हलक्या लिनक्स प्रणाली वापरणाऱ्यांमध्ये एक समजूत फार घट्ट रुजलेली आहे. संगणक सुरू होताना पडद्यावर येणारे चित्र, ज्याला सगळेच स्प्लॅश म्हणतात, ही निव्वळ चैन असून जिथे एकेक एमबी मोजून वापरायची तिथे तिला जागा नाही, असे ही मंडळी मानतात. त्यांच्या म्हणण्याला आधार नाही असे नाही. टायनी कोअर या अशा एका प्रणालीची मूळ प्रतिमा, म्हणजे ती बसवण्याची फाइल, वीस एमबीच्याही आत बसते. पपी आणि अँटीएक्स या प्रणालींनी कित्येक वर्षे जुन्या यंत्रांना जिवंत ठेवले ते अनावश्यक गोष्टींना ठामपणे नकार देऊनच. तरीही मला या समजुतीच्या बरोबर उलट वाटते. नव्या, वेगवान संगणकावर स्प्लॅशचे काम उरलेलेच नाही, कारण चित्र नीट दिसण्याआधीच प्रणाली सुरू झालेली असते. वाट पाहावी लागते ती जुन्या संगणकापुढे, आणि हलक्या प्रणाली नेमक्या जुन्या संगणकांवर बसवल्या जातात. जिथे माणसाला सर्वांत जास्त थांबावे लागते, तिथेच त्याला काय चालले आहे हे सांगणारे कुणी नसावे, हे मला पटत नाही.

हे मत पुस्तकी नाही. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात आमच्या गावी एक छोटे सार्वजनिक वाचनालय आहे, सरकारी वर्गवारीत ‘ड’ वर्गाचे, आणि तिथला एकुलता एक संगणक सांभाळण्याचे काम माझ्याकडे आहे. दोन जीबी मेमरी, इंटेलचा जुना प्रोसेसर, त्यातच बसवलेली इंटेलची ग्राफिक्स, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आणि चौकोनी वळणाचा सतरा इंची मॉनिटर, असा हा संसार. त्यावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आणि एलएक्सडीई हा डेस्कटॉप आहे. एलएक्सडीई हे हॉंग जेन यी या तैवानी प्रोग्रामरने २००६ मध्ये सुरू केलेले काम. त्याचा जोर पहिल्यापासून कमी मेमरीत चालण्यावर राहिला आणि आमच्या संगणकासारख्यांचे आयुष्य त्यामुळेच वाढले. एकदा सुरू झाला की हा संगणक कामाला कमी पडत नाही. पोलीस भरतीचे अर्ज, शिष्यवृत्तीचे फॉर्म, सातबारा, बाजार समितीतले सोयाबीनचे भाव, सगळे त्यावर होते. सुरू व्हायला मात्र तो वेळ घेतो. डिस्कच्या जागी एसएसडी बसवणे हा खरा इलाज आहे हे मला ठाऊक आहे, आणि वाचनालयाला अनुदानातून ते जमेल तेव्हा जमेल.

या सुरुवातीच्या वेळात पडद्यावर काय दिसत असे, ते सांगायला हवे. डेबियन बसवताना ग्रब या आरंभक प्रोग्रामच्या सूचनांमध्ये ‘क्वाएट’ हा शब्द आपोआप घातलेला असतो. त्यामुळे कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, आपल्या बहुतेक नोंदी गिळून टाकतो. पण चुका आणि त्याहून गंभीर नोंदी तो तरीही दाखवतो. आमच्या संगणकाच्या बायोसमध्ये, म्हणजे यंत्रातच बसवलेल्या मूळ प्रोग्राममध्ये, यंत्राच्या भागांची माहिती देणारे एसीपीआय तक्ते असतात, त्यांत काही त्रुटी आहेत. त्या निरुपद्रवी आहेत, परंतु कर्नल प्रत्येक वेळी त्यांची तक्रार करतो. त्यानंतर मूळ डिस्क तपासल्याची एक ओळ येते, तिच्यात ‘क्लीन’ हा शब्द आणि काही मोठे आकडे असतात, आणि मग ती ओळ काळ्या पडद्यावर तशीच ठाण मांडून बसते. जाणणाऱ्याला ती दिलासा देणारी आहे, कारण डिस्क ठीक आहे असे ती सांगते. न जाणणाऱ्याला दिसतो तो काळा पडदा, ‘एरर’ हा सगळ्यांना ओळखीचा झालेला शब्द आणि न हलणारे आकडे.

बचत गटाच्या कामासाठी येणाऱ्या एका काकूंनी हा पडदा पाहून हात मागे घेतला, तो प्रसंग मला विसरता येत नाही. “भाऊ, मी काही दाबलं नाही जी,” त्या ग्रंथपालांना म्हणाल्या, “हे आपल्या मनानंच लिवून राह्यलं.” ग्रंथपालभाऊंनी त्यांना समजावले, “काही बिघडलं नाही काकू, चालू होऊन राह्यलं ते. बसा जरा.” काकू बसल्या, पण माऊसला त्यांनी त्या दिवशी हात लावला नाही, सगळे काम भाऊंकडूनच करून घेतले. माणूस यंत्रापासून दूर होतो तो असा, पहिल्या मिनिटाला, आणि तेही काही चुकलेले नसताना.

याच काळ्या पडद्यावर मराठीत दोन शब्द लिहावेत असे कुणालाही वाटेल. मलाही तेच आधी सुचले. ते होत नाही, आणि का होत नाही हे समजून घेण्यासारखे आहे. लिनक्सचा मजकुरी पडदा एका वेळी २५६ किंवा फार तर ५१२ चिन्हांचा संच वापरतो, आणि प्रत्येक चिन्ह आपल्या ठरलेल्या चौकटीत एकटे बसते. देवनागरीचे तसे नाही. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते पण लिहिताना त्याच्या आधी काढावी लागते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, जोडाक्षरात अर्धे अक्षर दुसऱ्याला चिकटून आपला आकार बदलते. ही जुळवाजुळव करणारी यंत्रणा त्या पडद्याकडे मुळात नाही. म्हणजे कर्नलच्या मजकुरी पडद्यावर मराठी शुद्ध उमटू शकत नाही. संगणक सुरू होण्याच्या वाटेवर ती पहिल्यांदा येऊ शकते ती चित्राच्या रूपानेच. स्प्लॅशला चैन म्हणणाऱ्यांनी याचा विचार केलेला नसतो, कारण इंग्रजी वाचणाऱ्याला त्या पडद्यावर निदान वाचता तरी येते.

या चित्रासाठी आज सर्वत्र वापरला जाणारा प्रोग्राम म्हणजे प्लायमाउथ. त्याआधीची धडपड बरीच मोठी आहे. सुसेच्या मंडळींनी कर्नललाच ठिगळ जोडून बूटस्प्लॅश चालवला होता; रेड हॅटच्या जुन्या व्यवस्थेत निव्वळ हे चित्र दाखवण्यासाठी एक्स सर्व्हर, म्हणजे डेस्कटॉपच्या खिडक्या दाखवणारा मोठा प्रोग्राम, सुरू केला जाई; उबुंटूकडे यूस्प्लॅश होते. यांतली एक्स सर्व्हरची तऱ्हा तर आमच्यासारख्या संगणकाला मुळीच परवडणारी नव्हती. प्लायमाउथ फेडोरा १० मध्ये, २००८ च्या नोव्हेंबरात आला, आणि उबुंटूने त्याला २०१० च्या एप्रिलमध्ये १०.०४ या आवृत्तीत घेतले. त्याला शक्य केले ते कर्नलमधल्या एका बदलाने. पडद्याची रुंदी-उंची ठरवण्याचे काम पूर्वी एक्सकडे होते, ते कर्नलने स्वतःकडे घेतले. इंटेलच्या ग्राफिक्ससाठी ही सोय २००९ मधल्या २.६.२९ या कर्नलपासून मुख्य प्रवाहात आहे. त्यामुळे पडदा आरंभीच योग्य मापात येतो आणि प्लायमाउथ थेट त्यावर चित्र काढू शकतो. त्याचे काम संपले की तो निघून जातो, लॉगिननंतर मेमरीत रेंगाळत नाही. हलकेपणाच्या कसोटीवर ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

बसवण्याची कृती अवघड नाही. ‘प्लायमाउथ’ आणि ‘प्लायमाउथ-थीम्स’ ही दोन पॅकेजे घ्यायची, ग्रबच्या फायलीत ‘क्वाएट’च्या शेजारी ‘स्प्लॅश’ हा शब्द लिहायचा आणि ‘अपडेट-ग्रब’ चालवायचे. मग ‘प्लायमाउथ-सेट-डिफॉल्ट-थीम’ या आज्ञेने थीम, म्हणजे चित्रे आणि ती दाखवण्याच्या सूचना यांचा संच, निवडायची. तिला मोठ्या लिपीतला ‘आर’ हा पर्याय दिला की ती इनिट्रॅमएफएसही नव्याने बांधून देते. हा इनिट्रॅमएफएस म्हणजे डिस्क हाती येण्याआधी मेमरीत उघडली जाणारी एक छोटी फाइल व्यवस्था असते, आणि प्लायमाउथ, त्याची चित्रे, त्याची संहिता (कोड) हे सारे तिच्यात असावे लागते, नाहीतर चित्र फार उशिरा उमटते. आमच्याकडे पहिल्यांदा तसेच दिसले, म्हणजे पडदा अर्ध्याहून अधिक वेळ काळाच राहिला, कारण इंटेलचा ‘आय९१५’ हा ड्रायव्हर उशिरा येत होता. इनिट्रॅमएफएसच्या मॉड्यूल्सच्या यादीत त्याचे नाव लिहून ती फाइल पुन्हा बांधल्यावर चित्र अगदी सुरुवातीला दिसू लागले. यासाठी ती फाइल काही एमबींनी फुगते. मला ती किंमत रास्त वाटते, पण किंमत नाहीच असे कुणी म्हणू नये.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण हलक्या प्रणालींच्या चर्चेत तो सारखा पुढे येतो. सुरू होण्यात कुणी किती वेळ घेतला हे दाखवणारी, सगळ्या सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टिमडी या प्रोग्रामची ‘ब्लेम’ यादी पाहिली की ‘प्लायमाउथ-क्विट-वेट’ हे नाव बहुधा अगदी वरच्या ओळींत असते, आणि लोक लगेच म्हणतात की पाहा, हाच सगळा वेळ खातो. ती सेवा काहीच करत नसते. लॉगिनचा पडदा तयार होऊन प्लायमाउथ निरोप घेईपर्यंत ती नुसती थांबलेली असते. तिच्या नावापुढचा आकडा हा इतर सगळ्यांना लागलेला वेळ आहे. यादी वाचायची तर कोण काम करत होते आणि कोण वाट पाहत होते, हा भेद करूनच वाचली पाहिजे.

तयार थीम पुष्कळ आहेत आणि त्यांत फिरणारी चक्रे आहेत, ठिपके आहेत, तारे आहेत. मला त्यांतली एकही नको होती. फिरणारे चक्र प्रगती सांगत नाही; संगणक अडकला तरी ते फिरतच राहू शकते, आणि पाहणाऱ्याला काम चालू असल्याचा भास होत राहतो. वाचनालयात येणारी माणसे शेतकरी आहेत किंवा शेतकऱ्यांची मुले आहेत. काळाची चाल त्यांना दाखवायची तर ती त्यांच्या डोळ्यांना सवयीच्या खुणेने दाखवावी, असे मनात होते, आणि आमच्या भागात अशी खूण शोधायला लांब जावे लागत नाही. कपाशीचे बोंड हिरवे आणि घट्ट मिटलेले असते, मग ते तडकते, मग आतला पांढरा कापूस दिसू लागतो आणि शेवटी ते पूर्ण उमलून वेचणीला येते. वेचणीला किती अवकाश आहे, हे इथले शेंबडे पोरही बोंडाकडे पाहून सांगते.

चित्रे काढली ती वाचनालयात भरतीचा अभ्यास करायला येणाऱ्या, बारावी झालेल्या एका मुलीने, इंकस्केप या चित्रे काढण्याच्या प्रोग्राममध्ये. सात चित्रे ठरली. तिने काढलेल्या तिसऱ्या चित्रात बोंडाला मधोमध आडवी भेग होती. वर्तमानपत्र वाचायला रोज येणारे एक आजोबा तिच्या मागे उभे राहून पाहत होते. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “बाई, बोंड असं मधातून नाही फुटत. टोकाकडून तडकते ते, शिवणीशिवणीनं. आन् खालची पानं तवापर्यंत वाळून जातात, तू त हिरवीच ठेवली.” मग त्यांनी टेबलावरच्या जुन्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पेनाने बोंड काढून दाखवले: टोकाशी एकत्र येणाऱ्या चार शिवणी, प्रत्येक शिवणीखाली एक कप्पा, कप्पा उघडताना मागे वळणारी सालाची कड. त्या मुलीने तिसऱ्यापासून सातव्यापर्यंतची चित्रे नव्याने काढली. पाचव्या चित्रात सालाच्या कडेला तिने दिलेला तपकिरी वाळका रंग आणि त्यातून अर्धवट डोकावणारा कापूस इतका नेमका उतरला आहे, की मॉनिटर लावला की मी अजूनही तेच चित्र यायची वाट पाहतो. पार्श्वभूमी काळ्या जमिनीच्या रंगाची ठेवली. प्लायमाउथच्या संहितेत हा रंग लाल, हिरवा आणि निळा यांच्या शून्य ते एक अशा अपूर्णांकांत द्यावा लागतो. तोच रंग लाइटडीएम या लॉगिन प्रोग्रामच्या पडद्यालाही दिला, म्हणजे एका पडद्यावरून दुसऱ्यावर जाताना डोळ्यांवर झगमग येत नाही.

मराठी ओळही चित्र म्हणूनच घातली. प्लायमाउथ स्वतः मजकूर काढू शकतो, पण त्यासाठी त्याचा लेबल हा भाग आणि देवनागरी टंक दोन्ही इनिट्रॅमएफएसमध्ये कोंबावे लागतात. एका न बदलणाऱ्या ओळीसाठी एवढा भार कशाला वाहायचा? गिंप या चित्रांच्या प्रोग्राममध्ये ओळ लिहून तिचे पारदर्शक पीएनजी चित्र केले की जोडाक्षरे मोडण्याचा प्रश्नच उरत नाही. टंक निवडताना मात्र घाई करू नये. देवनागरीचे पुष्कळ टंक मुळात हिंदी वळणाचे असतात आणि त्यांतला ल आणि श मराठी माणसाला परका दिसतो. राज्य शासनाच्या २००९ मधल्या वर्णमालेविषयीच्या निर्णयातही मराठी वळणाची अक्षरे निश्चित केलेली आहेत. काही टंकांत दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असे सांगितल्यावर योग्य ते उमटते. गिंपच्या मजकूर साधनात भाषा सांगण्याची जागा आहे. ज्यांना एवढे करायचे नसेल त्यांनी टिरो देवनागरी मराठी हा टंक घ्यावा, त्यात मराठी वळण आधीपासूनच आहे. ‘वाचनालय’ या शब्दातला ल आपल्या शाळेच्या फळ्यावरच्या ल सारखा दिसला पाहिजे, ही माझी अट होती, आणि ती मी शेवटपर्यंत सोडली नाही.

आता या साऱ्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. थीमची संहिता लिहिताना प्लायमाउथ आपल्याला प्रगतीचा आकडा देतो, शून्यापासून एकपर्यंतचा. तो आकडा येतो कुठून? संगणक कुठवर पोचला हे तो नेमके मोजत नाही. मागच्या वेळी सुरू व्हायला किती वेळ लागला याची नोंद तो जपून ठेवतो आणि त्या नोंदीच्या आधाराने आजचा अंदाज बांधतो. मागच्यासारखेच सगळे घडले तर अंदाज बरोबर ठरतो. आमच्याकडे मागच्यासारखे नेहमी घडत नाही. पावसाळ्यात वीज अचानक जाते, यूपीएसची बॅटरी केव्हाच संपलेली आहे, आणि वीज आल्यावर संगणक सुरू केला की ईएक्सटी४ या डिस्कवरच्या फाइल व्यवस्थेला आपल्या जर्नलमधून, म्हणजे बदलांच्या नोंदवहीतून, अपूर्ण राहिलेल्या नोंदी आधी पूर्ण कराव्या लागतात. कधी डिस्कची सविस्तर तपासणी होते आणि नेहमीच्या कितीतरी पट वेळ जातो. अशा दिवशी अंदाजाच्या भरवशावर बोंड पूर्ण फुटून बसले असते आणि संगणक मात्र अजून डिस्कच चाळत असता. पूर्ण फुटलेले बोंड पाहून माणूस पुढे सरकणार, कळफलकावर हात ठेवणार आणि काही होत नाही म्हणून बटण दाबणार. चित्राने खोटे सांगितले, तर त्यापेक्षा ती काळी पाटी बरी, कारण ती निदान कुठलेही आश्वासन देत नव्हती.

म्हणून संहितेत असे लिहिले की आकडा काहीही म्हणो, बोंडाने सहाव्या चित्राच्या पुढे जायचे नाही. सातवे, पूर्ण उमललेले चित्र फक्त प्लायमाउथला निरोप मिळाल्यावर लावायचे. त्यासाठी संहितेत निरोपाच्या क्षणी चालणारे एक स्वतंत्र फंक्शन देता येते. लाइटडीएम तयार झाला की तो प्लायमाउथला निघायला सांगतो आणि आपला पडदा येईपर्यंत शेवटचे चित्र तसेच राहू देतो. त्यामुळे पांढरेशुभ्र बोंड दिसते ते क्षणभरच, पण ते दिसले म्हणजे संगणक खरोखर तयार आहे. सहाव्या चित्रावर तो कधी कधी खूप वेळ थांबतो. थांबू दे, खरोखरच काम चालू असते.

स्प्लॅशवरचा दुसरा आक्षेप मला पहिल्यापेक्षा वजनदार वाटतो. तो म्हणजे हे चित्र बिघाड लपवते. यावर माझे म्हणणे एवढेच आहे, की चुलीवरच्या पातेल्यावर झाकण असायला हरकत नाही, ते उचलता आले पाहिजे. प्लायमाउथमध्ये एस्केपची कळ दाबली की चित्र बाजूला होते आणि मागचा सगळा मजकूर दिसतो. पुन्हा दाबली की चित्र परत येते. ग्रंथपालभाऊंना ही एक कळ पक्की दाखवून ठेवली आहे. एखाद्या दिवशी बोंड फार वेळ अडले तर ते एस्केप दाबतात, मोबाइलने पडद्याचा फोटो काढतात आणि मला पाठवतात. संगणकाशी माझे बोलणे यामुळे पूर्वीपेक्षा अधिक होते, कारण पूर्वी ते बटण दाबून पुन्हा सुरू करत आणि काय बिघडले होते हे कुणालाच कळत नसे. बिघाड गंभीर असेल आणि सिस्टिमडीला आणीबाणीच्या अवस्थेत जावे लागले, तर ती आधी प्लायमाउथला बंद करते आणि मगच मजकुरी पडदा देते. हे ज्यांनी लिहून ठेवले त्यांनी गावातल्या वाचनालयाचा विचार केला नसेल, पण त्याचा उपयोग इथेही तेवढाच होतो.

सुरू होण्याविषयी एवढे लिहिले, पण आमच्या भागात खरी गरज बंद होण्याच्या पडद्याची आहे असे आता मला वाटते. वाचनालय संध्याकाळी बंद होते, भाऊंना घरी जायची घाई असते, आणि संगणक बंद करायला सांगितल्यावर तो लगेच बंद होईलच असे नाही. एखादी सेवा ऐकत नसेल तर सिस्टिमडी तिची नेहमीच्या ठरावानुसार ९० सेकंद वाट पाहते. पूर्वी या वेळात पडद्यावर इंग्रजी ओळ आणि पुढे-मागे सरकणारे तारे दिसत. आणि भिंतीवरचा खटका सरळ खाली केला जाई. डिस्कवर अर्धवट लिहिलेले राहण्याचे हे एक मोठे कारण होते, विजेच्या खालोखाल. प्लायमाउथची संहिता आपण कोणत्या प्रसंगी चालत आहोत हे विचारू शकते. सुरू होताना वेगळे उत्तर येते, बंद होताना वेगळे. बंद होताना बोंड नाही दाखवायचे असे ठरवले. त्याऐवजी मोठ्या अक्षरांत दोन ओळी आहेत: संगणक बंद होत आहे, पडदा पूर्ण काळा झाल्यावरच खटका बंद करावा. या ओळी लावल्यापासून भाऊ खुर्ची लावतात, खिडक्या ओढून घेतात, वर्तमानपत्रांची चळत नीट करतात आणि मग भिंतीकडे जातात.

थीम करून पाहणाऱ्यांसाठी कामाची एक गोष्ट सांगून ठेवतो. प्रत्येक बदल पाहण्यासाठी संगणक पुन्हा सुरू करायची गरज नाही. ‘प्लायमाउथ-एक्स११’ हे पॅकेज असले की चालू डेस्कटॉपवर खिडकीत थीम दिसते. रूटच्या, म्हणजे मुख्य प्रशासकाच्या, अधिकाराने प्लायमाउथ सुरू करायचा, स्प्लॅश दाखवायला सांगायचे आणि थोड्या वेळाने बंद करायचा. मॉनिटरची मापे संहितेत आकड्यांनी लिहू नयेत, खिडकीची रुंदी आणि उंची विचारून मध्य काढावा, म्हणजे चौकोनी मॉनिटरवर आणि लांबट मॉनिटरवर चित्र मध्येच बसते. आणि चित्र नकोसे झाले किंवा अडचणीचे ठरले, तर ग्रबच्या यादीत ‘ई’ दाबून लिनक्सच्या ओळीतला ‘स्प्लॅश’ हा शब्द पुसावा आणि कंट्रोल-एक्स दाबावे. त्या एका वेळेपुरता जुना मजकुरी पडदा परत मिळतो. ही कृती मी कागदावर लिहून मॉनिटरच्या मागे चिकटवली आहे.

भंडाऱ्याकडच्या एका मित्राला हीच थीम तिथल्या शाळेसाठी हवी आहे, पण त्याच्या मुलांनी कपाशी फारशी पाहिलेली नाही. तो सगळा धानाचा मुलूख. वरुड-मोर्शीकडे कुणी ही थीम नेली तर तिथे संत्र्याचा रंग हिरव्यावरून केशरीकडे जाताना दाखवणे अधिक शोभेल. त्यासाठी संहितेला हात लावायची गरज नाही. एकाच मापाची, एक ते सात अशा नावांची पीएनजी चित्रे थीमच्या फोल्डरमध्ये बदलली आणि इनिट्रॅमएफएस पुन्हा बांधला की झाले. मित्राने धानाची लोंबी पोटरीतून बाहेर येण्यापासून पिकून वाकेपर्यंतची चित्रे काढून पाठवली आहेत. त्याला मी एकच कळवले आहे, की पिकलेली लोंबी सातव्या चित्रातच राहू द्यावी, आणि चौथे चित्र त्याच्या गावातल्या एखाद्या जाणत्या शेतकऱ्याला एकदा दाखवून घ्यावे.